झोपेचा कागद

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, ‘झोपेत?’ निरोप घेऊन आलेला पुतण्या म्हणाला, ‘नाही काका, ओसरीत बसून चहा पिऊन राहिले होते.’ रडू आलं, आणि सांगायला संकोच वाटतो, पण हायसंही वाटलं…

आमच्या एकोडी गावात तलावाचं पाणी पाळीपाळीनं धानाच्या बांध्यांना सोडायचं काम दादांकडे होतं. पंचेचाळिशीत त्यांना दिवसाढवळ्या पेंग येऊ लागली. एकदा ऐन रोवणीत ते तलावाच्या पाळीवरच झोपले आणि शामरावांच्या बांधीतली रोपं वाहून गेली. मोहाची दारू घेतात, असं गाव बोलू लागलं. गावाच्या बैठकीत त्यांच्याकडून काम काढून घेतलं. दादांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. घरी येताना त्यांनी विचारलं, ‘बापू, तुले तरी पटते का रे?’ मी शाळेत मास्तर, गावात माझ्या शब्दाला वजन, पण मी गप्प राहिलो. ती चूप बसण्याची लाज अजून जात नाही.

पुढे मुंबईला असलेल्या भाच्यानं त्यांना तिथल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याला तारा लावून झोपवलं आणि रात्रभर कागदावर रेघा काढल्या. आम्ही मेंदूत गाठ निघेल म्हणून धास्तावलेलो. निघालं भलतंच. झोपेत दादांचा श्वास घडोघडी अडत होता, म्हणून रात्रभर झोपूनही त्यांची झोप होतच नव्हती. एवढा आजार निघाला आणि हा माणूस हसत गावी आला!

मग त्यांनीच बैठक बोलावली. ‘वाच बापू, मोठ्यानं वाच.’ इंग्रजी कागद मी मराठीत सांगत गेलो. या वेळी आवाज चढवूनच सांगितलं. शामराव खजील होऊन म्हणाले, ‘मंग इतके दिवस सांगतलं काहून नाही?’

‘मले तरी कुठं मालूम? मी तं झोपलो होतो!’

सगळी बैठक हसली. शामरावांनीच काम पुन्हा त्यांच्या हाती दिलं.

उताणं झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनीनं बंडीच्या पाठीला आतून रबरी चेंडू शिवला. दादा रोज तीच घालून कुशीवर झोपत.

तेरवीनंतर ती बंडी मी मागून आणली. गेल्या वर्षापासून मीही घोरतो, दिवसा पेंगतो. परवा शाळेत खुर्चीवर डोळा लागला; जाग आली तर शामरावांचा नातू वर्गाला दटावत होता, ‘हळू बोला रे, गुरुजीले बिमारी आहे.’