पेटीत कोंडलेलं वायफाय

भालकीत आमच्या घरी वायफाय आलं, तवा मी त्याला पत्र्याच्या पेटीत ठिवलो. हसू नका, आधी ऐका.

जावई मस्कतला जाताना त्यांचा जुना राऊटर आन लॅपटॉप आमाला देऊन गेलते. घरात उंदरं दांडगे. आमी मूळचे मेंढरंवाले, जपायचं म्हणलं की घोंगडीत गुंडाळायचं. मी राऊटर गुंडाळलो, पेटीला भोक पाडून वायर आत सोडलो, वर कुलूप. शाळेचं तोंड बगितलो न्हाई, पर कुलूप लावायला शाळा कामून पायजे?

मग लेकीला मुलगी झाली. बारसं मस्कतलाच ठरलं. आमच्यात पाळणा म्हणायचा मान आजीचा, म्हणून बायको नवी साडी नेसून लॅपटॉपम्होरं बसली. पाळणा सुरू केली, तर तिकडं लेकीचं तोंड उघडं ते उघडंच! चित्र हालंना.

लेकीचा फोन आला. "अप्पा, आईचा आवाज तुटायलाय!"

मी पळत माळवदावर गेलो आन टीव्हीची अँटेना फिरवायलो.

"आलं का?"

"न्हाई!" खालून बायको.

"आता?"

शेजारच्या अक्कानं आमच्याच अँटेनाची वायर घेतलेली. ती वरडली, "अण्णा, आमची सिरियल गेली की वो!"

खाली आलो. लेक फोनवरच होती. "अप्पा, राऊटर कुटं ठिवलाव?"

"लई जपून, बाई. घोंगडीत, पेटीत, कुलपात."

"घोंगडीत? पेटीत? कुलपात?" लेक एकेक शब्द परत म्हणली. मला वाटलं, बापाचं कवतिक वाटायलंय.

"अप्पा, पत्र्यातून बाहीर कसं येईल ते? काढा, उंचावर ठिवा, बंद करून चालू करा. हितं बायका जेवायला उठायल्यात!"

चावी बायकोच्या कमरेला. कुलूप काढत म्हणली, "मेंढरालाबी जाळीत कोंडतेत, पेटीत न्हाई!"

राऊटर तव्यावरच्या भाकरीसारखा तापलेला. फळीवर ठिवलो, बंद करून चालू केलो. अन् बगा, नात जांभई दिली! अख्खी जांभई, कुटं न अडकता. बायको पाळणा पहिल्यापासून धरली, तिकडच्या बायका मागं म्हणायल्या. मला ऱ्हावंना. मीबी खच्चून सूर लावलो. नात दचकून टाहो फोडली.

"अप्पा, आता लई चांगलं पोचायलंय," लेक म्हणली. "तुमी जरा बाहीर बसा."

नातीचं नाव मी दाराबाहीरूनच ऐकलो. पर कुटंबी न तुटता ऐकलो.