भाऊसाहेबांचा रांजण

जेवणं आटोपली की भाऊसाहेब पायजमा वर खोचून अंगणात उकिडवे बसायचे, फरशीवरून उजवा तळहात फिरवायचे आणि तो उंबऱ्यात उभ्या असलेल्या बायकोपुढे, म्हणजे आमच्या काकूंपुढे धरायचे. "पाह्य बरं, कुठं ओशट लागलं का?" काकू चष्म्यातून तळहात बघायच्या आणि काही न बोलता आत जायच्या. म्हणजे आमचा तो रविवार पास झाला.

लोणारला आमच्या गल्लीत ते समोरच्याच घरात राहायचे. तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, म्हणून सगळ्यांचे भाऊसाहेब. मी शाळामास्तर. नोकरीतून सुटल्यावर ज्याला खरं काम सापडतं, असा एखादा गृहस्थ तुमच्याही पाहण्यात असेल. भाऊसाहेबांना ते मुलामुळे सापडलं. पुण्याच्या मुलाने हौसेने एक चिनी मातीची कोळशाची शेगडी घेतली होती. जाड भिंती, वर झाकण, खाली हवेला झरोका, आकाराने थेट रांजण. त्याच्या सोसायटीला धूर चालेना, म्हणून ती टेम्पोत बसून लोणारला आली. गल्लीने तिचं नाव रांजणच ठेवलं.

अडचण अशी, की काकूंच्या गळ्यात माळ. त्यांच्या स्वयंपाकघरात मटणाचं नावसुद्धा निघत नसे. भाऊसाहेबांनी बरीच मनधरणी करून अंगणापुरती परवानगी मिळवली. आणि पहिल्याच रविवारी कोंबडीची चरबी वितळून झरोक्यातून बाहेर आली. ओघळ थेट तुळशीकडे निघाला. काकूंनी पदर खोचून हुकूम सोडला, "आता एक थेंब जरी फरशीवर पडला, तं हा रांजण गल्लीत."

भाऊसाहेबांना दुसरी हौस नव्हती. पत्ते येत नव्हते, देवळात मन लागत नव्हतं. रविवारी आम्ही चौघं शेजारी त्यांच्या अंगणात जेवायचो, हेच त्यांचं सुख. ते जाऊ नये म्हणून हा माणूस थेंबाच्या मागे लागला.

त्यांनी कोंबडी भाजायच्या जाळीखाली पितळेचं ताट ठेवलं. चरबी ताटात पडून जळायला लागली, तेव्हा ताटाखाली कवेलूचे, म्हणजे कौलाचे, तीन तुकडे ठेवून ते अधांतरी केलं. मग त्यात पेलाभर पाणी. "मास्तर, चरबी निखाऱ्यावर पडली का धूर कडू होते. पाण्यात पडली का गुमान राह्यते," ते मला समजावत. कचेरीत इतकं लक्ष घातलं असतं तर तहसीलदार होऊन निवृत्त झाला असतात, असं आम्ही त्यांना तोंडावर म्हणायचो. ते हसून ताट बोटभर डावीकडे सरकवायचे.

झाकणाचंही शास्त्र होतं. आधी दोन बोटं उचलायचं, हवा आत जाऊ द्यायची, मग उघडायचं. मी एकदा घाईत सताड उघडलं आणि भडका उठून माझी अर्धी मिशी गेली. "काऊन घाई करून राह्यले?" भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. पुढचा आठवडाभर शाळेत मी तोंडावर रुमाल धरून शिकवलं.

पण ताटात साठलेल्या चरबीचं करायचं काय? फेकून देणं त्यांच्या जिवावर यायचं. ती ते पत्र्याच्या डब्यात भरून ठेवत. आणि एक दिवस या शहाण्या माणसाने फाटकाच्या करकरणाऱ्या बिजागऱ्यांना ती चोपडली. फाटक सुरेख चालू लागलं. काकू कौतुकाने म्हणाल्या, तेल चांगलं दिसतं. दोन दिवसांनी त्या भजनाहून परतल्या, तर गल्लीतल्या तीन मांजरी फाटकावर चढून बिजागऱ्या चाटत होत्या.

"कशाचं तेल आहे हे?"

सारी नोकरी कचेरीत घालवलेल्या माणसाला घरात एक थाप मारता आली नाही. त्यांनी खरं सांगून टाकलं.

काकूंनी फाटक भाऊसाहेबांकडून राखेने घासून घेतलं, स्वतः आंघोळ केली आणि रांजणावर पोतं टाकलं. तीन रविवार सुने गेले. भाऊसाहेब घरात बसून काकूंना पोळी कशी लाटावी, फोडणी कधी घालावी, हे शिकवू लागले. चौथ्या रविवारी पोतं काकूंनीच ओढलं. "लावा तुमचा रांजण. पण माह्या चुलीपाशी येऊ नका." त्यानंतर चरबी परसात, निंबाच्या पलीकडे खड्ड्यात जाऊ लागली. फरशीवर मात्र थेंब पडला नाही, शेवटपर्यंत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी भाऊसाहेब अंगणात दात घासता घासता खाली बसले आणि उठले नाहीत. मला फार चुकल्या-चुकल्यासारखं झालं. रविवारी अकरा वाजले की मी उगीच समोर बघत राहायचो.

मुलगा रांजण कुणाला तरी देऊन टाकतो म्हणत होता. दिवाळीनंतर एका शनिवारी काकूंनी मला हाक मारली, "मास्तर, उद्या चौघंही या. रविवार असे बरे नाही वाटत."

आम्ही गेलो. कोळसा पेटवला, कवेलूचे तुकडे मांडले, पाणी घातलं. सगळं त्यांच्यासारखंच केलं. पण ताट बाहेर काढताना माझा हात कलला आणि चांगला पळीभर ओघळ फरशीवर सांडला. काकू उंबऱ्यातच उभ्या होत्या. मला वाटलं, संपलं.

त्या आत गेल्या. ओंजळभर राख घेऊन आल्या, खाली बसल्या आणि ज्या चरबीला कधी पदर लागू दिला नाही, तिच्यावर राख टाकून हाताने चोळू लागल्या. बराच वेळ चोळत होत्या. डाग निघून गेला तरी चोळत होत्या.

मग हात झटकून उठल्या आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ताट नीट धरजा."