अण्णा, एकदा भाडेकरू म्हणा

“लॉयरम्मा, त्या पोलिसाला मी दारातूनच परत पाठवलं,” अण्णा फोनवर सांगत होते. आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. “विचारतो कसा, वरती फॉरेनर भाडेकरू राहते काय म्हणून. म्हटलं, आमच्या घरात भाडेकरू नाहीत. फॉरेनर तर नाहीतच नाहीत.”

मी कपाळाला हात लावला.

मी वकील. इंदिरानगरात ऑफिस आहे, परदेशी लोकांच्या व्हिसाची आणि नागरिकत्वाची कामं करते. अण्णा मल्लेश्वरमचे, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेले मराठी. आणि ज्या ‘फॉरेनर’ला त्यांनी एका वाक्यात गायब केलं, ती माझी क्लायंट केइको. मूळची जपानची. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघायला आली, अण्णांच्या वरच्या मजल्यावर राहिली आणि इथलीच झाली. अण्णांची बायको आजारी पडली तेव्हा उशाशी हीच बसायची. बाई गेल्यावर अण्णांना जेवायला लावलं तेही हिनेच.

केइकोचा अर्ज होता नॅचरलायझेशनचा, म्हणजे जन्माने किंवा लग्नाने नव्हे, तर इथे राहून राहून मिळवलेल्या नागरिकत्वाचा. अर्जाआधीचे बारा महिने सलग भारतात, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून किमान अकरा वर्षं. वर्तन चांगलं हवं. राज्यघटनेच्या यादीतली एक भाषा यायला हवी. केइकोने मराठी दिली. पुण्याची नव्हे, अण्णांच्या घरातली, निम्मी कन्नड. शिवाय आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत, जुनं सोडावं लागतं. पण मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी ते सोडायचं नाही, नाहीतर माणूस कुठल्याच देशाचा राहत नाही. केइकोला हे सगळं पाठ होतं. अण्णांना एवढंच ठाऊक होतं की पोरगी आपली आहे.

अर्जाच्या चौकशीला आलेल्या त्या पोलिसाने रिपोर्ट दिला: दिलेल्या पत्त्यावर अर्जदार राहत नाही. म्हणजे माहिती खोटी. अर्ज फेटाळला जाणार, आणि केइको काही महिन्यांत रिटायर होणार होती. व्हिसा नोकरीवर टांगलेला. नोकरी संपली की घर सोडायचं, देश सोडायचा.

संध्याकाळी मी मल्लेश्वरमला गेले.

“अण्णा, उद्या स्टेशनला चला. केइको तुमची भाडेकरू आहे असा जबाब द्या.”

“खोटं सांगू?”

“खोटं कसं? दरवर्षी अग्रीमेंटवर सही करता ना?”

“मुलगा कागद पुढे करतो, मी करतो सही. वाचतो कोण?” अण्णा चिडले. “घरच्या पोरीला भाडेकरू म्हणू? जीभ रेटेल काय माझी?”

केइको त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली. “अण्णा, स्वल्प ऐका. एकदाच म्हणा. मला राग येणार नाही.”

सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

इन्स्पेक्टरने कन्नडमध्ये विचारलं, “ह्या तुमच्या कोण?”

अण्णांनी केइकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

“भाडेकरू,” अण्णा म्हणाले. “परदेशी आहेत.” घरात जिला अगं-तुगं करतात, तिला त्यांनी त्या दिवशी अहो-जाहो केलं.

बाहेर पायऱ्यांवर ते थांबले. “वाईट वाटून घेऊ नको गं.”

“सरी, बरं अण्णा. घरी चला, भात लावायचा आहे.”

क्लायंटसमोर रडायचं नाही असा माझा नियम आहे. तो त्या दिवशी मोडला. एका बाईला कायमचं आपलं करून घ्यायला म्हाताऱ्याला तिला तोंडावर परकं म्हणावं लागलं, आणि ते म्हणायला लावणारी मी.

पुन्हा चौकशी झाली, रिपोर्ट सुधारला. मंजुरीचं पत्र केइको रिटायर व्हायच्या जेमतेम आधी आलं. मग तिने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि शपथ घेतली. शपथेच्या दिवशी ऑफिसच्या दाराशी शिपायाने अण्णांना अडवायला हात वर केला. “वडील,” अण्णा म्हणाले, त्याने विचारायच्या आधीच, आणि आत गेले.

या कामातून मी एक शिकले. घरमालक भांडकुदळ असेल तर मी निर्धास्त असते. तो भाडेकरूला खुशाल भाडेकरू म्हणतो. जीव लावणारा असेल, तर मात्र पोलिसांच्या आधी मी जाऊन येते.