इरकलीत गुंडाळलेलं पुस्तक

आक्का मंगळवारी सकाळी गेली. दुपारी तिला स्मशानात नेलं. तिच्याबरोबर आमचं पुस्तक जळलं. ते पुस्तक मी माझ्या हातांनी दिलं होतं.

आक्का माझी थोरली बहीण. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिनं उमेदीची वर्षं घालवली आणि त्या मजुरीवर मला शिकवलं. मी हायस्कुलात मराठी शिकवायला लागले. भावजी वारल्यावर ती सदलग्याहून माझ्याकडे राहायला आली. तिला अक्षर येत नव्हतं. मी शिकवू का म्हणाले तर म्हणायची, "तू शिकलीस न्हवं, मग झालं की. एका घरात किती शानी लागत्यात?"

पुस्तकं बांधायचा नाद माझा. कागद दुमडायचे, दाभणानं भोकं पाडायची, दोरा ओवायचा, मैद्याची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं. पुठ्ठ्यावर काय चढवायचं ते मात्र आक्का ठरवायची. पहिल्यांदा मी बाजारातून मार्बल कागद आणला होता. तिनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "समदी पुस्तकं हाताला सारखीच लागली तर मला कसं कळावं, कुठलं कंचं?"

तेव्हापासून आतला मजकूर पाहून कापड निवडायचं असं ठरलं. तिच्या ओव्यांची वही गोधडीच्या तुकड्यात. स्वयंपाकाच्या वहीला पिठाच्या पिशवीचं कापड. वखारीतल्या बायकांच्या गमती लिहिल्या त्या पुस्तकाला तंबाखूचं बारदान. ते उघडलं की अजूनही शिंक येते. वडिलांच्या आठवणींना त्यांच्याच छत्रीचं काळं कापड. तिचं मनगट मोडलं तेव्हाचे दवाखान्याचे कागद एकत्र शिवले, तर त्यावर तिनं स्वतःचा एक्स-रेच लावायला लावला. "माझा हात धरूनच उघडायचं बघ," म्हणाली.

शेजारच्या काकू दारातूनच टोमणा मारायच्या, "व्हय गं मास्तरीणबाई, पुस्तकांस्नी बी कापडं घालतीस व्हय?"

आक्का आतून उत्तर द्यायची, "उघडी बघवंनात बाई मला."

कव्हरावर नाव कधीच नसायचं. तिला वाचता येत नव्हतं, मग नावाचा उपयोग काय? फळीवरून हात फिरवून ती हवं ते पुस्तक बरोबर काढायची.

बारावं पुस्तक तिचं स्वतःचं. दर रविवारी दुपारी ती सांगायची आणि मी तिच्या बोलीत जसंच्या तसं लिहायची. मी चुकून "होता" लिहिलं आणि वाचून दाखवलं की ती थांबवायची, "मी हुता म्हणलं." सहा वर्षं लागली. दुसरी प्रत काढली नाही. झेरॉक्स काढू का विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी एकच हाय की."

त्या पुस्तकासाठी तिनं तिची इरकली साडी काढली. वखारीच्या मजुरीतून तिनं स्वतःसाठी घेतलेली पहिली साडी. पदराचा तुकडा कापताना माझा हात थांबला, तेव्हा कात्री तिनंच चालवली. उरलेल्या साडीत ती ते पुस्तक गुंडाळून ठेवायची. साडीची घडी वरच्या फळीवर, पुस्तक घडीच्या पोटात. ही जागा आम्हा दोघींनाच माहीत होती.

मंगळवारी घर बायकांनी भरलं. मी भिंतीला टेकून बसले होते. आमच्याकडे गेलेल्या बाईच्या अंगावर तिच्या आवडीचं लुगडं घालतात. शेजारच्या काकू माझ्यापुढं वाकल्या. "तिच्या आवडीचं लुगडं कंचं गं?"

"इरकली," मी म्हणाले.

मी उठले, कपाट उघडलं, वरच्या फळीवरची घडी काढली आणि काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती तशीच बाहेर आमच्या चुलतभावाकडे दिली, स्मशानात गेल्यावर अंगावर पसरायची म्हणून. मी परत भिंतीला टेकून बसले.

बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले नाही.

संध्याकाळी चुलतभाऊ अंघोळ करून माझ्याजवळ येऊन बसला. मला बरं वाटावं म्हणून सांगायला लागला. "बरं केलंस बघ तू. लुगडं उलगडलं तर आत पोथी. समदी म्हणाली, मास्तरीण हाय, शानी हाय, इचार करून दिलीया. आक्काच्या छातीवर ठेवली, वर लुगडं घातलं."

मी विचारलं, "उघडून बघितलीस?"

तो जरा दुखावला. "पोथी काय अशी उघडायची असती व्हय, सुतकात?"

ती पोथी नव्हती, हे त्याला आजही ठाऊक नाही. त्यानं पोथीचा मान राखला. काकूंनी साडी मागितली होती, त्यांना साडी मिळाली.

मला एवढंच कळत नाही की घडी काढताना मला वजन कसं जाणवलं नाही. नुसती साडी इतकी जड नसते. पुस्तकाचे पुठ्ठे मी कापले होते, कोपरे मी दुमडले होते. ते कोपरे त्या क्षणी माझ्या बोटांना लागलेच असणार. आक्का नुसत्या हातानं पुस्तक ओळखायची. मला ओळखता आलं नाही. शाळेत पाठ वाचून दाखवताना मधेच माझे तळहात वर होतात आणि मी ते पाहत राहते.

महिन्यानं कोरे कागद शिवून घेतले आणि पुन्हा लिहायला बसले. तिनं सांगितलेलं सगळं आठवतं. लग्नाचा दिवस, वखारीतली धूळ, मला शाळेत घातलं तो सोमवार. पण कागदावर उतरतं ते माझ्या मराठीत, निबंधासारखं. "मी हुता म्हणलं" असं थांबवणारं कोणी नाही. चार पानं लिहिली आणि कापून काढली. तिचं पहिलं वाक्य तेवढं मला शब्दाला शब्द पाठ आहे. "मी जल्मले तवा अंगणात तंबाखू वाळत हुता." ते मी पहिल्या पानावर लिहिलं आहे. बाकीची पानं कोरी आहेत.

फळीवर अकरा पुस्तकं आहेत. बाराव्याच्या जागी इरकलीच्या काठाची वीतभर पट्टी आहे. कव्हर चढवताना ती जास्तीची म्हणून कापली होती.