किल्ल्याखालचं साफ वावर

बोंडअळीनं कापूस फस्त केला त्या वर्षी आम्ही उमरखेडच्या अंगाला, सुलतानांच्या काळातल्या एका किल्ल्याभोवतीची वावरं तुडवत होतो. आमच्या पुरातत्त्वाच्या सरांना तटबुरुजांत काडीचा रस नव्हता. त्यांना हवी होती तटाबाहेरची वस्ती. कुंभार कुठं राहायचे, बाजार कुठं भरायचा, हे शोधायचं. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांनी रांगेनं चालायचं आणि ढेकळांत खापर दिसलं की नकाशावर टिंब द्यायचं. उन्हानं माझं डोकं आधीच तापलेलं, त्यात येणारा-जाणारा विचारायचा, "काय हरपलं वो बाई?"

सगळ्या वावरांत टिंबंच टिंबं. एक वावर मात्र कोरं करकरीत. या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत औषधालाही खापर नाही. सर हरखलेच.

"अगं, ही मोकळी जागा म्हणजे बाजारचौक! पुढच्या वर्षी खणायचं ते इथंच."

त्या काळचा चौक आजच्या धुऱ्याला धुरा लावून आखला होता की काय, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण सरांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून नकाशावर चौक काढून दिला.

दुपारी त्याच वावराच्या कडेला, कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर डबा घेऊन टेकले, तर खालून खडखड आवाज. पऱ्हाट्या सारल्या आणि कपाळावर हात मारला. खाली हा एवढा खापरांचा ढीग, त्यात निळ्या चकाकीचे तुकडेसुद्धा.

वावर एका विधवा चाचीचं होतं. मला तिथं पाहून ती धावतच आली. मी उखडलेच, "चाची, हे काय करून ठेवलं?"

"काय करू मंग? लोकं म्हनत, खापर सापडलं का सरकार वावर घेते. माह्यापाशी दुसरं हाये काय? यंदा बोंडात कापूस तं नव्हताच. म्या अन् सुनेनं ओटी बांधली अन् हेच वेचलं."

कापूस वेचावा तसं एकेक तास, एकेक ओळ धरून वेचलं होतं दोघींनी. मला हसू आवरेना.

"अवो चाची, तुमी साफ केलं म्हनून तं सर इथंच खणतो म्हनून राह्यले!"

चाची ढिगावर पऱ्हाट्या परत लोटू लागली. तिचा पांढरा पडलेला चेहरा पाहून माझी मलाच लाज वाटली.

मी तिला हाताला धरून सरांपुढं नेलं आणि सगळं सांगितलं. सर आधी लालबुंद झाले. मग चाचीनं त्यांच्यापुढं हात जोडले. त्यांनी नकाशावरचा चौक खोडला, लिहिलं, 'या वावरात पाहणी नाही', आणि खणायची जागा पलीकडच्या पडीत जमिनीत नेली.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा चाची ओढणी तोंडाला लावून रडली. आम्ही निघालो, तर मागून हाक आली.

"बेटी, पन काहीच नाही असं नोको लिहू! दुसऱ्याच्या वावरात बजार, अन् माह्याच वावरात काही नाही? थो ढीग पाह्यला ना तुनं? सगळ्यात जास्त माह्याच वावरात होतं!"