तिसऱ्यांवरचा आळ

हे मी सात वर्षं कुणालाच सांगितलं नाही — आईला नाही, नवऱ्यालाही नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय, अशी स्वतःची समजूत घालत राहिले. एका पार्टीला नेलेल्या फळांच्या काड्या! ऐकणारा हसेल. तुम्हीही हसाल कदाचित. पण जरा थांबा.

आधी मावशीबद्दल सांगायला हवं. ती माझी सख्खी मावशी नव्हे. आमचं गाव दोडामार्गाकडे, काजूच्या बागांमधलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मालवणला नाव घातलं, पण राहायचं कुठे? ओळखीच्या ओळखीने तारकर्लीच्या या बाईने मागची खोली दिली. तीन वर्षं मी तिच्या हातचं जेवले. परीक्षेच्या दिवशी ती माझ्याआधी उठायची. ही पदवी निम्मी तुझी, असं मी तिला म्हटलं होतं, आणि मनापासून म्हटलं होतं.

मावशी पर्यटकांना जेवण करून घालायची. तिच्या हातच्या तिसऱ्यांचं — म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं — सुकं खायला लोक वाट वाकडी करून यायचे. सकाळच्या ओहोटीला काढलेल्या तिसऱ्या त्याच दुपारी चुलीवर. शिजायच्या आधीच तोंड उघडून बसलेली एखादी दिसली, की ती फेकलीच म्हणून समजा.

पुढे मी मालवणातच एका शाळेत शिक्षिका झाले, वेगळी खोली घेतली. आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं जेवण मावशीकडून मागवूया, हे मीच सुचवलं. शिवाय प्रत्येकीने घरून एकेक पदार्थ आणायचा होता.

मला काहीतरी वेगळं न्यायचं होतं. का? आम्ही सारवलेल्या जमिनीवर बसून शिकलेली माणसं. एकदा तरी या बायकांनी मला विचारावं, हे कसं गं केलंस? मोबाइलवर पाहिलं होतं — फळांचे तुकडे आणि चीज काडीला ओवायचं, झालं. शिजवायचं काहीच नाही. तसल्या लांब काड्या बाजारात मिळेनात म्हणून मावशीकडे गेले. झाडूला वापरतात ते माडाचे हीर तिने सुरीने तासून, धुऊन दिले. वर चिडवलंही, "इतक्या शिकलंस, नि फळां हिराक टोचूक लागलंस? शिजवूचा नाय तर तां जेवाण कसला गो?"

आदल्या संध्याकाळी सगळं ओवून फ्रिजमध्ये ठेवलं. कलिंगड, अननस, द्राक्षं. बेकरीत चीजची दोनच पाकिटं मिळाली, म्हणून निम्म्या काड्यांना पनीर लावलं. रात्रभर वीज नव्हती. सकाळी आठ वाजता फ्रिज उघडला तर आत ऊब होती. पनीरला बोट लावलं — बोट चिकट झालं. कलिंगडाला आंबूस वास येत होता.

इथे मला थांबावंसं वाटतं. अजूनही. कारण इथपर्यंत माझा काहीच दोष नव्हता. वीज काय माझ्या हातात होती?

पण मी त्या काड्या टाकून दिल्या नाहीत. नळाखाली धरून धुतल्या, स्वच्छ फडक्याने टिपल्या, वर लिंबू पिळलं, चाट मसाला भुरभुरला. पुन्हा वास घेतला. आता फक्त लिंबाचा येत होता.

पार्टीत त्या हातोहात संपल्या. कसं गं केलंस, असं तिघींनी विचारलं. मी त्यातली एकही खाल्ली नाही. तिसऱ्या मात्र दोनदा वाढून घेतल्या.

त्या रात्रीपासून आठजणींना उलट्या-जुलाब सुरू झाले. मुख्याध्यापिका बाईंना तर दोन दिवस सलाईन लावावं लागलं. शाळेच्या ग्रुपवर पहिलाच निरोप आला — तिसऱ्या बाधल्या. आमच्याकडे असंच असतं. ताटात शिंपले असले की दोष दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही. आजारी पडलेल्यांत आमच्या देसाईबाईही होत्या. त्या माळकरी, मासळीला शिवतही नाहीत. दुपारभर त्या माझ्याच काड्या खात होत्या. कुणाच्या तरी हे लक्षात येईल म्हणून मी धास्तावून फोन बघत बसले. तर एकीने लिहिलं, तिसऱ्यांचा डाव डाळीत गेला असेल. सगळ्यांना ते पटलं. मी त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते का टाकलं? मला आजही सांगता येत नाही.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले, ते अजून पुढेच आहे.

तिसऱ्या दिवशी मावशी माझ्या खोलीवर आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. बाजारात बायका तिला तोंडावर विचारत होत्या, काय गो घातलंस लोकांका? सगळं सांगून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

"तू तर दोनदा वाढून घेतलंस, बाय. तुका कायच झाला नाय मा?"

तिच्या बाजूने खात्रीने साक्ष देऊ शकेल असं माणूस जगात एकच होतं. आणि तिने किती सोपा प्रश्न विचारला होता! नाही झालं, एवढंच म्हणायचं होतं. काड्यांचं कबूल करायचं धैर्य नव्हतं तर नव्हतं, निदान एवढं तरी.

"माका पण पोटात कळ इली होती, मावशी," मी म्हटलं.

बाईंना पेज पाठवू का, असं विचारून ती निघून गेली.

शाळेने तिच्याकडून पुन्हा जेवण मागवलं नाही. पर्यटक येत राहिले, पण गावातली माणसं तुटली. तिने तिसऱ्या करणं बंद केलं. मी दर दिवाळीला फराळ घेऊन जात राहिले. ती तो कौतुकाने घ्यायची. माझ्या लग्नात तिने आईच्या बरोबरीने हळद लावली.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीचा पहिला वाढदिवस होता. मी मावशीला म्हटलं, तिसऱ्या कर ना, खूप वर्षं झाली. ती म्हणाली, नको, बारकी पोरां असतली, कोणाक काय झाला तर? हे सांगताना ती आपल्या हातांकडे बघत होती. बाजाराने तिला दोष दिला तो एक. पण तिने स्वतःच तो खरा मानला होता. कारण मी, जिच्यावर तिचा विश्वास, तिला तसं सांगितलं होतं.

परवाच्या रविवारी तारकर्लीला गेले आणि अंगणात बसून तिला सगळं सांगितलं. चिकट झालेल्या बोटापासून ते कळ इली म्हटल्यापर्यंत. शेवटी ती म्हणाली, "माका वाटला, माझो हातच गेलो."

आणि थोड्या वेळाने, माझ्या लेकीची आठवण काढून, "आता घराक जा. चेडू वाट बघीत असतला."

रागावली का? माहीत नाही. मी विचारलं नाही. परतताना स्कूटरवर मला इतकं हलकं वाटत होतं, की त्याचीही लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू? आजही तसंच हलकं वाटतंय.

घरी आल्यावर शाळेच्या ग्रुपवर लिहिलं. देसाईबाईंनी विचारलं, आता कशाला उकरून काढतेस? ग्रुपवर जे लिहिलं होतं तेच इथेही लिहिते — निरोपाच्या दिवशीच्या तिसऱ्या ताज्या होत्या. मी त्या पोटभर खाल्ल्या आणि मला काहीही झालं नाही. नासलेल्या होत्या त्या माझ्या काड्या, आणि ते मला सकाळी आठ वाजल्यापासून माहीत होतं.