जावई डिफेन्समध्ये असतात

आमच्या मुक्ताचा होणारा नवरा डिफेन्समध्ये आहे, ही बातमी मी पसरवली. मला कोणी पसरवायला सांगितली नव्हती.

झालं असं, की संध्याकाळी ऑफिसातून सिडनीतल्या कॅसल हिलला घरी परत येताना मेट्रोत मुक्ताचा फोन आला. मुक्ता आमची एकुलती एक लेक, फिजिओथेरपिस्ट आहे.

"बाबा, टेवीटाचं अण्णांना तू सांग ना. आय कान्ट. मी तोंड उघडलं की मला रडूच येतं."

"सांगतो गं. पण तो करतो काय?"

"प्रोफेशनल होता बाबा, यूएसला. डिफेन्समध्ये. मग गुडघा गेला म्हणून परत आला, आता इथे..." आणि गाडी बोगद्यात शिरली.

मला परत फोन करता आला असता. पण पुण्यात वाढलेल्या माणसाला 'डिफेन्समध्ये' एवढं ऐकलं की पुढचं ऐकायची गरज वाटत नाही. मिशी, कँटीन, कडक इस्त्री, सगळं आपोआप डोळ्यांपुढे उभं राहतं. त्यात गुडघा गेलेला, म्हणजे देशासाठी जखमी झालेला. (कोणत्या देशासाठी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.)

अण्णा म्हणजे माझे सासरे. सैन्यात क्वार्टरमास्टर होते, म्हणजे पलटणीचं धान्य, कपडे आणि बूट त्यांच्या ताब्यात. आम्ही सिडनीत बस्तान बसवत होतो तेव्हा मुक्ता पुण्याला त्यांच्याकडेच वाढली. तिच्या वेण्यासुद्धा ते लष्करी शिस्तीत घालायचे. त्यामुळे 'अण्णा हो म्हणाले तरच लग्न' असं मुक्ता म्हणाली, तेव्हा ती गंमत करत नव्हती. आणि सध्या आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या अण्णांनी विषय निघताच, पेपर खाली न घेता, "बाहेरचा मुलगा नको" एवढंच म्हटलं होतं.

मी घरी आलो आणि बूटही न काढता म्हणालो, "अण्णा, मुलगा डिफेन्समध्ये होता. अमेरिकेत. गुडघ्याला जखम झाली."

पेपर खाली आला. "असं? मग आधी नाही का सांगायचं, मिलिंदराव. रविवारी जेवायला बोलवा. आणि युनिफॉर्ममध्ये येऊ दे."

माझी बायको वृंदा हिने माझ्याकडे इतक्या कौतुकाने शेवटचं कधी बघितलं होतं ते आठवेना. मी लगेच मुक्ताला कळवलं. "अण्णांना युनिफॉर्म बघायचाय?" ती आनंदाने किंचाळलीच. "बाबा, दॅट्स सो स्वीट!"

रविवारी दुपारी बेल वाजली. अण्णा ब्लेझरवर पदकं लावून दारासमोर ताठ उभे. मी दार उघडलं.

बाहेर टेवीटा उभा होता. मूळचा पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांचा, जन्माने सिडनीचा, आणि आमच्या दारापेक्षा रुंद. अंगात लाल जर्सी, खांद्यांवर उशा बांधाव्यात तसे पॅड, छातीवर नव्वद नंबर, काखेत जाळीचं हेल्मेट. अमेरिकन फुटबॉल. डिफेन्समध्ये म्हणजे त्यातल्या डिफेन्समध्ये. मला टीव्हीवर पाहून एवढं कळत होतं, आणि अण्णांना कळत नसावं अशी मी मनोमन प्रार्थना केली.

टेवीटा तिरका होऊन आत आला. मुक्ताने नमस्कार शिकवून ठेवला होता, पण अंगवळणी पडलेली सवय जाते थोडीच? वाकला तो मैदानात उभं राहिल्यासारखाच, एक हात जमिनीवर, पाठ वर आणि नजर थेट अण्णांच्या पोटावर. अण्णा नकळत मागे सरकले.

"औक्षवंत हो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "चिलखत जाड दिसतंय."

"स्पेशल फोर्स," माझ्या तोंडून गेलं. आता माघार नव्हती.

पानं वाढली. संभाषण इंग्रजीत, आणि मध्ये दुभाषा मी. (दोघांनाही उत्तम इंग्रजी येत होतं. तरीही.)

"लढाई रोज असायची?" अण्णांनी विचारलं.

"नाही सर, दर रविवारी."

"फक्त रविवारी?"

"अमेरिकेत कामाचे तास ठरलेले असतात, अण्णा," मी म्हणालो.

"बरं. तुझं नेमकं काम काय?"

टेवीटा खुलला. "समोरची लाइन फोडायची सर, आणि क्वार्टरबॅकला पाडायचं."

अण्णांचा घास हातातच राहिला. "क्वार्टर..."

"मास्टर नाही, अण्णा," मी घाईघाईने म्हणालो. "बॅक. आणि तोही शत्रूचा."

"एकदा तर तो निसटला आणि त्याचा बूट माझ्या हातात राहिला," टेवीटा अभिमानाने म्हणाला.

"सरकारी बूट?" अण्णांचा आवाज चढला.

"तो परत जमा केला, अण्णा. पावती घेऊन," मी म्हणालो.

मुक्ताने चमचा खाली ठेवला. "बाबा, व्हॉट आर यू सेयिंग?" तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला सगळं एकदम उलगडलं असावं. "अण्णा, तो सैनिक नाहीये. फुटबॉल खेळायचा. आता इथे मुलांना कोचिंग करतो. बाबाला काय वाटलं मला माहीत नाही, पण टेवीटा एक शब्द खोटा बोललेला नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीचं लग्न मी जेवणाच्या टेबलावर मोडलं होतं.

अण्णा शांतपणे पाणी प्यायले. "मुक्ते, मी उभं आयुष्य फौजेला कपडे वाटले. छातीवर एवढा मोठा नव्वद लिहिलेला युनिफॉर्म एकदाही वाटला नाही. मला दारातच कळलं." मग माझ्याकडे पाहिलं. "म्हटलं, मिलिंदराव कुठपर्यंत जातात ते तरी बघावं. पावतीपर्यंत गेले."

वृंदा पदर नसतानाही तोंडाला पदर लावल्यासारखी हसत होती.

अण्णा टेवीटाकडे वळले. "गुडघा गेला तेव्हा काय केलंस?"

"रडलो, सर. खूप. वाटलं, आपण संपलो. मग मुक्ताने परत चालायला लावलं."

अण्णांनी आपल्या ताटातल्या दोन अळूवड्या उचलून स्वतःच्या हाताने त्याच्या पानात वाढल्या. अण्णा अळूवडी सहसा कोणाला देत नाहीत. "खरं बोलतो," ते मराठीत म्हणाले. "मला चालेल."

मुक्ता उठून त्यांच्या गळ्यात पडली. मलाही भरून आलं, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

लग्न टूनगॅबीच्या हॉलमध्ये झालं. माझ्या बातमीवर विश्वास ठेवून आलेली बरीच मंडळी मांडवात फौजी शोधत होती. अण्णा टेवीटाला घेऊन प्रत्येकाकडे जात होते.

"हा आमचा नातजावई. फुटबॉल खेळायचा."

"आणि ते डिफेन्समधले कोण म्हणे?"

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे. आमचे जावई. सदैव डिफेन्समध्ये असतात."

समोरच्या काकांनी मला कडक सॅल्यूट ठोकला. मीही ठोकला, आता कुणाकुणाला समजावत बसू?